काही दिसलं नाही, तेही लिहा

वाशीमहून समुद्र कुठल्याही बाजूला लांबच पडतो. पश्चिमेला मुंबईचा किनारा सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आपली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धेचं पाणी प्राणहितेत जातं, प्राणहितेचं गोदावरीत. म्हणजे आपलं पाणी समुद्राला भेटतं ते थेट बंगालच्या उपसागरात. तरीही आज तुम्हाला जहाजावर चढायचं आहे. ध्रुवांकडच्या समुद्रांत पूर्वी किती देवमासे होते आणि ते कुठे कुठे असायचे, हे शोधण्याचं काम जगात अनेक वर्षं चालू आहे. त्याचं सगळं भांडवल म्हणजे गेलेल्या माणसांनी लिहून ठेवलेल्या वह्या. त्या वह्या लिहिल्या जात होत्या तेव्हा शेजारी उभं राहून पाहू. सुरुवात आपल्याच अरबी समुद्रापासून.

साल १८५२, महिना डिसेंबर. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरातून निघालेलं एक जहाज ओमानच्या किनाऱ्यापुढे फिरतंय. इकडे वऱ्हाड प्रांत अजून निजामाकडे आहे. पुढच्याच वर्षी तो इंग्रजांच्या कारभारात जाईल. डोलकाठीवर चढायची पाळी तुमची आहे, दोन तासांची. वर एक लोखंडी कडं बसवलेलं आहे, त्यात छातीपर्यंत उभं राहायचं आणि पाण्यावरून नजर हलवायची नाही. खाली जहाज जरासं कललं की तुम्ही वर हातभर नव्हे, चांगले दोन-तीन पुरुष इकडून तिकडे जाता. उन्हाने डोळे चुरचुरतात. पहिला तास कोरा जातो. दुसऱ्या तासात उजवीकडे दूर एक पांढुरका फवारा उठतो आणि विरतो. मग काळी पाठ, पाठीवर बुटका उंचवटा, आणि शेवटी पाण्याबाहेर उभी राहिलेली रुंद शेपटी. हा हम्पबॅक, पाठीला कुबड असल्यासारखा दिसणारा देवमासा. तुम्ही ओरडता. होड्या खाली सोडल्या जातात, वल्ही पडतात. तासाभराने होड्या रिकाम्या परत येतात.

दिव्याच्या उजेडात मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, जहाजाची वही उघडतो. त्याच्यापाशी लाकडात कोरलेले दोन शिक्के आहेत. एक अख्ख्या देवमाशाचा: तो मारला गेला असेल तर उठवायचा, आणि शिक्क्यात मध्ये ठेवलेल्या कोऱ्या जागेत किती पिंप तेल निघालं तो आकडा लिहायचा. दुसरा नुसत्या शेपटीचा: दिसला, पण निसटला. आज शेपटी उमटते. शाई वाळते आहे तोवर तुम्ही पान उलटा. पुढचे चार दिवस असे आहेत: वारा ईशान्येचा, मंद, अमुक शिडं वर, अक्षांश, रेखांश, काही दिसलं नाही. काही दिसलं नाही. काही दिसलं नाही. काही दिसलं नाही.

या ओळी नीट पाहून ठेवा. पुढे सगळं त्यांच्यावरच अडणार आहे.

अशा शेकडो वह्या त्याच सुमाराला वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत एका माणसाच्या टेबलावर येऊन पडत होत्या. मॅथ्यू फाँटेन मॉरी हा नौदलातला अधिकारी. घोडागाडीच्या अपघातात पाय निकामी झाला आणि समुद्रावरची नोकरी संपली. कोठारात धूळ खात पडलेल्या जहाजांच्या वह्या त्याने उपसायला घेतल्या. वारे आणि प्रवाह त्यांतूनच काढले. १८५१ साली त्याने देवमाशांचा नकाशा काढला. सगळा समुद्र पाच-पाच अंशांच्या चौकोनांत कापला आणि प्रत्येक चौकोनात, प्रत्येक महिन्याला, दोन गोष्टी मांडल्या: देवमासे किती दिवस दिसले, आणि ते शोधण्यात जहाजांनी एकंदर किती दिवस घालवले.

कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात किंवा काटेपूर्णेच्या जंगलात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसलेल्या माणसाला मॉरीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. वनरक्षक कागद देतो. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू असे रकाने. सकाळी एखाद्याचा कागद कोरा असतो आणि तो परत करताना माणूस ओशाळतो, आमच्याकडे काहीच आलं नाही म्हणतो. ओशाळायचं काही कारण नाही. ज्या पाणवठ्यावर कोणी बसलंच नाही आणि ज्या पाणवठ्यावर रात्रभर डोळे ताणून काही दिसलं नाही, त्या दोहोंचे कागद कोरेच असतात. फरक एवढाच की एकाने आपल्याला काही सांगितलेलं नाही आणि दुसऱ्याने फार मोठी गोष्ट सांगितली आहे. मॉरीने हा फरक आकड्यांत पकडला. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामात सर्वांत शहाणं काम हेच.

चार वर्षं मागे आणि पुष्कळ उत्तरेला चला. १८४८चा उन्हाळा. थॉमस रॉइस नावाचा कप्तान 'सुपिरियर' हे जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीतून पलीकडे, आर्क्टिक समुद्रात नेतो आहे. देवमासे मारणाऱ्या जहाजांपैकी इथे आलेलं हे पहिलंच. रात्र होतच नाही. पाण्यात बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत जातात. बोहेड देवमासा इथे सावकाश पोहतो, त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर, मेला की बुडत नाही, आणि त्याच्या तोंडातल्या झालरीला बाजारात मोठा भाव. रॉइस पिंपं भरून परततो, बातमी पसरते आणि पुढच्या वर्षापासून जहाजांची रांग लागते. जॉन बॉकस्टोस आणि डॅनियल बॉटकिन यांनी शंभरएक वर्षांनंतर या जहाजांच्या वह्या वाचून १८४८ ते १९१४ची सगळी शिकार पुन्हा मांडली, तेव्हा कळलं की संहाराचा मोठा हिस्सा पहिल्या दोन दशकांतच उरकला होता. त्याच वह्यांत बर्फाचा काठ कुठे लागला हेही रोज लिहिलेलं आहे. देवमासे मोजायला बसलेल्या माणसाच्या हाती आर्क्टिकच्या बर्फाची जुनी नोंदही आली.

काही नोंदी वहीत न राहता अंगात राहिल्या. २००७ साली अलास्काच्या किनाऱ्याजवळ मारलेल्या एका बोहेडच्या मानेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू बेडफर्डमध्ये बनलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला. तो घाव सोसून ते जनावर शंभराहून जास्त वर्षं पोहत राहिलं होतं.

आता १९३५, न्यूयॉर्क. चार्ल्स टाउनसेंड यांनी ७४४ जहाजांच्या १,६६५ सफरींच्या वह्या वाचून ५३,८७७ देवमाशांच्या जागा जगाच्या नकाशांवर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवल्या आहेत, महिन्यामहिन्याचे रंग वेगळे. तुम्ही अरबी समुद्रावर बोट ठेवा. ओमानपुढे हम्पबॅकचे ठिपके आहेत. पण तुम्ही डोलकाठीवरून पाहिलेला तो इथे नाही. टाउनसेंड यांनी फक्त मारल्या गेलेल्या देवमाशांच्या जागा घेतल्या. शेपटीचा शिक्का नकाशावर आला नाही. आणि जिथे ठिपका नाही तिथे देवमासा नव्हता की जहाज गेलं नव्हतं, हे या नकाशावरून सांगता येत नाही. मॉरीने धरलेले शोधाचे दिवस इथे सुटले. एवढ्या कष्टाच्या कामात ही उणीव राहिली याची मला हळहळ वाटते, कारण पुढच्या अभ्यासकांची निम्मी मेहनत ती भरून काढण्यात गेली.

दक्षिणेला तोवर काम यंत्रावर गेलेलं असतं. अंटार्क्टिकाभोवती फिरती कारखाना-जहाजं, त्यांच्यापुढे तोफा लावलेल्या शिकारी बोटी. नॉर्वेतल्या सँडेफ्योर या गावात आंतरराष्ट्रीय कार्यालय, तिथे प्रत्येक मारलेल्या देवमाशाचा तपशील जमा होतो: तारीख, जात, लांबी, नर की मादी, अक्षांश, रेखांश. हे कागद देवमाशांच्या हिशेबासाठी ठेवलेले. विल्यम डी ला मेअर या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने त्यांतून वेगळीच गोष्ट काढली. अंटार्क्टिकात देवमाशांची शिकार पुष्कळदा बर्फाच्या काठालगत होई, कारण क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, आणि ते खाणारे देवमासे तिथेच. मग सर्वांत दक्षिणेकडच्या शिकारीच्या जागा जोडल्या तर उपग्रह नव्हते त्या काळातला बर्फाचा काठ मिळेल. १९९७ साली त्याने 'नेचर'मध्ये लिहिलं की उन्हाळ्यातला तो काठ १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरासरी २.८ अंश दक्षिणेला सरकला, म्हणजे बर्फाचं क्षेत्र जवळपास पाव हिश्श्याने घटलं.

आक्षेप आले, आणि ते यायलाच हवे होते. त्या वर्षांत ताफे एका जातीवरून दुसऱ्या जातीवर गेले होते, आणि प्रत्येक जात बर्फापासून सारख्याच अंतरावर राहत नाही. जहाजावरून डोळ्यांनी दिसणारा काठ आणि उपग्रहाला दिसणारा काठ एकच नसतो. दोन काळांतल्या, दोन पद्धतींच्या नोंदी एकत्र करणं म्हणजे नुसती बेरीज नव्हे. कोण, कशासाठी, कुठून पाहत होता, हे आधी कळलं पाहिजे.

आणि तो खरं लिहीत होता का, हेही.

१९६६, नोव्हेंबर. पुन्हा अरबी समुद्र. महाराष्ट्रात पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री आहेत, वाशीम अकोला जिल्ह्यातला एक तालुका आहे आणि शेतांत कापसाची वेचणी चालू आहे. तुम्ही उभे आहात सोव्हिएत ताफ्याच्या कारखाना-जहाजावर. 'स्लावा' आणि 'सोव्हेत्स्काया उक्राइना' हे दोन ताफे ओडेसाहून सुएझमार्गे अंटार्क्टिकाला जाताना वाटेत इथे थांबतात. कारखाना-जहाजांना या उष्ण समुद्रात हम्पबॅकसारखे देवमासे मारायला आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी आहे.

डेकवर उभं राहता येत नाही, इतकी ती रक्ताने आणि तेलाने निसरडी. मागच्या उतारावरून पोलादी दोराने एक मादी वर ओढली जाते. लांब दांड्यांच्या सुऱ्या घेतलेली माणसं कातडी पट्ट्यापट्ट्यांनी सोलू लागतात. एक जीवशास्त्रज्ञ मोजपट्टी घेऊन वाकतो. पोटात काय आहे ते पाहतो: मासे आणि कोळंबीसारखे बारीक जीव. मग गर्भाशय उघडतो. आत गर्भ आहे. त्याला सरळ ठेवून लांबी घेतो आणि वहीत लिहितो. हातावरचं रक्त पुसून तो पुढच्या मादीकडे वळतो. तिच्यातही गर्भ.

त्याच्या वहीतले आकडे खरे आहेत. बाहेरच्या जगासाठी मात्र दुसरे कागद तयार होतात, आणि सँडेफ्योरला ते जातात. १९६३ ते १९६७ या काळात या दोन ताफ्यांनी अरबी समुद्र आणि त्याच्या आसपास ३,३३९ देवमासे मारले: १,२९४ ठेंगू निळे देवमासे, ९५४ स्पर्म, ८४९ ब्राइड्स आणि २४२ हम्पबॅक. हम्पबॅकपैकी २३८ या एका नोव्हेंबरातले. दक्षिण गोलार्धातली लबाडी याहून कितीतरी मोठी होती. १९४८ ते १९७३ या काळात सोव्हिएत ताफ्यांनी तिथे अठ्ठेचाळीस हजारांहून जास्त हम्पबॅक मारले आणि कळवले २,७१०.

देवमासे किती मारू द्यायचे हे जगातले शास्त्रज्ञ त्या काळी या २,७१०च्या भरवशावर ठरवत होते. हम्पबॅक एकाएकी कुठे गेले हे त्यांना उलगडेना. चुकीची नोंद दुरुस्त करता येते, कोरी नोंद समजून घेता येते. जाणूनबुजून खोटी केलेली नोंद मात्र हजार खऱ्या नोंदींना वाट चुकवते, आणि त्याची किंमत ज्यांना लिहिता येत नाही ते जीव मोजतात.

खरे आकडे वाचले ते काही माणसांमुळे. त्या ताफ्यांवर काम केलेल्या शास्त्रज्ञांनी धोका पत्करून कागद जपले. दिमित्री तोर्मोसोव यांनी ते घरच्या बटाटे ठेवायच्या तळघरात ठेवले होते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९३ साली अलेक्सेई याब्लोकोव यांनी जगापुढे हे प्रकरण उघड केलं. १९९७ साली ओडेसाच्या युरी मिखालेव यांनी अरबी समुद्रातल्या हम्पबॅकचे मूळ आकडे छापले. त्या गर्भांच्या मोजमापांनी एक कोडं सुटलं. नोव्हेंबरातली त्यांची लांबी उत्तर गोलार्धाच्या विणीच्या हंगामाशी जुळत होती, दक्षिणेच्या नव्हे. म्हणजे हे अंटार्क्टिकाहून आलेले पाहुणे नव्हते. जगभरातले हम्पबॅक उन्हाळ्यात चरायला ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जातात आणि वीण उष्ण पाण्यात करतात; आपल्या समुद्रातले हे हम्पबॅक बारा महिने इथेच राहतात, इथेच चरतात, इथेच वितात. पुढे जनुकांच्या तपासणीतून कळलं की ते बाकीच्यांपासून सुमारे ७०,००० वर्षं वेगळे आहेत. डी ला मेअरचा बर्फ आणि मिखालेवचे हम्पबॅक, दोन्ही त्या एकाच वर्षी, जुन्या शिकारीच्या कागदांतून वर आले. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ला, वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला.

आता मारण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी निघालेल्या जहाजावर या. डिसेंबर १९८३; गोव्याहून भारताची तिसरी अंटार्क्टिक मोहीम निघाली आहे. 'फिनपोलारिस'वर नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत आहेत, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या समुद्रशास्त्रज्ञ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला पोचलेल्या पहिल्या दोन स्त्रिया. चाळीस अंश दक्षिण ओलांडलं की जहाज दिवसरात्र लोळू लागतं, मग एका सकाळी हवा बोचरी होते आणि पहिला हिमनग दिसतो. पंत यांचा विषय समुद्रातली अन्नसाखळी, म्हणजे देवमाशाच्या ताटात काय पडतं त्याचा अगदी तळापासूनचा हिशेब. पुढच्या काळात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे अभ्यासक अशाच मोहिमांवर गेले आणि त्यांनी वाटेवर दिसलेले पक्षी, सील, देवमासे ठिकाणासह लिहून ठेवले.

त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाची जहाजं अंटार्क्टिकाला फेऱ्या घालत होती. आखलेल्या रेषेवरून जायचं, किती मैल पाहिलं, धुकं होतं की नाही, किती जण टेहळणीला होते, सगळं लिहायचं. मॉरीने केलं होतं तेच, जास्त काटेकोरपणे. १९८५-८६ ते १९९०-९१च्या फेरीतून मिंक देवमाशांचा अंदाज निघाला ७,२०,०००. १९९२-९३ ते २००३-०४च्या फेरीतून ५,१५,०००. देवमासे खरंच घटले, की जहाजाला शिरता येत नाही अशा बर्फाच्या आत जास्त संख्येने होते? यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं वाद घालत राहिले. निदान कुठे पाहिलं आणि कुठे पाहता आलं नाही हे लिहिलेलं होतं, म्हणून वाद तरी घालता आला.

शेवटचा थांबा घराजवळचा. २०१५, सिंधुदुर्ग. कोकण सीटेशियन रिसर्च टीमचे अभ्यासक होडीतून किनारा पालथा घालतात आणि मच्छीमारांशी बोलतात. तुम्ही एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, ओसरीवर बसा. देवमासा कधी पाहिला म्हणून विचारलं तर तो साल सांगत नाही. फयान वादळाच्या आधी की नंतर, नवी होडी घेतली तेव्हा की मुलाच्या लग्नाच्या वर्षी, असा माग काढत जावं लागतं. ही नोंद वहीतल्याइतकी नेमकी नाही, पण पन्नास वर्षं रोज समुद्र पाहिलेल्या डोळ्यांची आहे. त्याच वर्षी या अभ्यासकांना कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसले. जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मसिरा आखातात 'लुबान' नावाच्या हम्पबॅक मादीला उपग्रहाशी जोडलेली खूण लावली. डिसेंबरात ती सगळा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि भारताच्या किनाऱ्याने दक्षिणेला गेली. ओमानपुढच्या पाण्यात अभ्यासकांनी धरलेला अशा हम्पबॅकचा अंदाज ८२ आहे. तुम्ही १९६६मध्ये पाहिलेल्या त्या ताफ्यांनी एका महिन्यात त्याच्या जवळपास तिप्पट कापले होते.

तुमच्या हाती देवमासा लागणार नाही. पण वाशीम-अकोल्याच्या गवताळ माळांवर तणमोर शोधताना फासेपारध्यांचीच नजर आणि आठवण कामी आली आहे, आणि अशा आठवणी माणसाबरोबर जातात. तुमच्या घरात आजोबांची शिकारीची टिपणं असतील, निवृत्त वनरक्षकाच्या रोजनिशा असतील, शाळेच्या निसर्गमंडळाची जुनी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. पानापानाचा मोबाइलवर फोटो काढा, खाली गाव आणि साल लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना किंवा वन विभागाच्या कार्यालयात नेऊन दाखवा. काही दिसलं नाही असं लिहिलेली पानं त्यातून वगळू नका.